थकवा वयाचा म्हणून सोडू नका

१. सोलापूर रस्त्यावरच्या आमच्या लोणी काळभोरमध्ये बाई थकली की शेत, घर आणि वय यांवर बोट ठेवून विषय मिटतो. सासूबाईंचंही तेच चाललं होतं. बद्धकोष्ठ, बसलेला आवाज, सुजरे डोळे, कोरडी कातडी. आणि ऐन चैत्रात अंगावर शाल! ती शाल मला खटकली. एकेका लक्षणाला निमित्त सापडतंच. सगळी एकत्र मांडली की थायरॉइड आठवायला हवा.

२. डॉक्टरांकडे जाताना जुने रिपोर्ट न्या. सासूबाईंचं कोलेस्टेरॉल वाढलेलं होतं, रक्तही कमी होतं. थायरॉइड मंदावला की दोन्ही होऊ शकतं.

३. निदान रक्तावर होतं, गळा चाचपून नव्हे. टीएसएच हा मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचा मुकादम समजा: थायरॉइड कामात मागे पडला की त्याचा आवाज चढतो. टीएसएच वाढलेलं आणि थायरॉइडचं संप्रेरक टी-फोर कमी, म्हणजे निदान पक्कं. टीएसएच थोडंच वाढलेलं आणि टी-फोर ठीक असेल, तर बहुतेकदा दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करतात. उतारवयात टीएसएच जरा जास्त असणं स्वाभाविकही असतं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. त्यांनी रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो.

४. 'आपण आयोडीनचं मीठ खातो, मग कसा होईल?' हा प्रश्न घरोघरी ऐकला. आयोडीन पुरेसं असलं, तरी शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइड ग्रंथीवर उलटू शकते. जपानी डॉक्टर हाशिमोटो यांनी 1912 साली या विकाराचं वर्णन केलं. भारतातल्या आठ शहरांच्या पाहणीत (त्यात मुंबई होती, गोवाही होता) सुमारे 11 टक्के प्रौढांचा थायरॉइड मंद आढळला. ती 2013 साली प्रसिद्ध झाली. म्हणजे हा दुखण्यातला अपवाद नव्हे.

५. निदान झालं की थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी, पाण्याबरोबर. चहा किमान अर्ध्या तासाने. ही गोळी आणि कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या यांत चार तासांचं अंतर ठेवा. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा बघतात. बरं वाटलं म्हणून मनाने गोळी बंद करू नका.

६. सुनेला, लेकीला दिवस राहिले तर डॉक्टरांना टीएसएचबद्दल लगेच विचारा. बाळ जन्मलं की त्याच्या टाचेतल्या रक्ताची थायरॉइड तपासणी मागून घ्या. जन्मजात कमतरता पहिल्या दोन आठवड्यांत ओळखून उपचार सुरू केले, तर बाळाच्या बुद्धीची वाढ वाचते.