भविष्यकालीन युद्ध आणि प्रथमपुरुषी निवेदन

१

मे १८७१ मध्ये ‘ब्लॅकवुड्स मॅगझिन’ या ब्रिटिश मासिकात ‘द बॅटल ऑफ डॉर्किंग’ ही कथा लेखकाच्या नावाविना प्रसिद्ध झाली. मे २०१४ मध्ये ‘कॉल ऑफ ड्यूटी : अ‍ॅडव्हान्स्ड वॉरफेअर’ या आगामी अमेरिकन व्हिडिओ गेमची घोषणा झाली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये तो लोकांच्या हाती आला. या दोन कृतींमध्ये जवळजवळ दीडशे वर्षांचे अंतर आहे. माध्यम भिन्न आहे, ग्राहकवर्गही भिन्न आहे. तथापि दोहोंचा विषय अद्याप न घडलेले युद्ध हा आहे, आणि दोहोंनी तो ‘मी’च्या द्वारे मांडला आहे. हे साम्य वरवरचे आहे की त्यामागे काही वाङ्मयीन तत्त्व आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात योजिला आहे.

खेळाच्या ज्या प्रकाराला ‘फर्स्ट पर्सन शूटर’ म्हणतात, त्याच्या नावातच व्याकरणातील पुरुषविचार आला आहे. १९९२ चा ‘वुल्फेन्स्टाइन थ्री-डी’ आणि १९९३ चा ‘डूम’ या खेळांनी हा प्रकार रूढ केला. त्यात खेळणाऱ्यास नायक दिसत नाही. नायकाच्या डोळ्यांपुढील दृश्य आणि शस्त्र धरलेले हात एवढेच दिसतात. परंतु डोळे उसने मिळाले म्हणून निवेदन प्रथमपुरुषी झाले असे मानता येईल काय? मराठी कादंबरीच्या अभ्यासकास हा प्रश्न परका वाटू नये. हरिभाऊ आपट्यांची यमू किंवा ‘कोसला’तील पांडुरंग सांगवीकर हे केवळ पाहत नाहीत, ते घडलेले सांगतात, आणि सांगताना स्वतःला पुन्हा तपासतात. पाहणारा ‘मी’ व सांगणारा ‘मी’ यांच्यातील अंतर हेच त्या निवेदनाचे बळ आहे.

२

‘द बॅटल ऑफ डॉर्किंग’चा लेखक जॉर्ज चेस्नी हा बंगाल इंजिनिअर्समधील अधिकारी होता आणि १८५७ च्या दिल्लीच्या वेढ्यात तो जखमी झाला होता. फ्रान्सचा प्रशियाकडून पराभव झाल्यावर इंग्लंडच्या लष्करी दुर्बलतेकडे लक्ष वेधण्याच्या हेतूने त्याने ही कथा लिहिली. तीत इंग्लंडवर स्वारी होते, आरमार नष्ट होते, आणि सरे परगण्यातील डॉर्किंगच्या टेकड्यांवर स्वयंसेवकांच्या फौजेचा मोड होतो. ही सारी हकीकत पराभवानंतर पन्नास वर्षांनी एक वृद्ध स्वयंसेवक आपल्या नातवंडांना सांगतो.

या निवेदकाला लढाई नीट दिसलेलीच नाही, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. धूर, परस्परविरोधी हुकूम, उपासमार आणि रेल्वेचा गोंधळ एवढेच त्याच्या वाट्याला येते. त्याचा मित्र ट्रॅव्हर्स घायाळ होऊन मरतो. त्या मित्राच्याच घरात शत्रूचे सैनिक खातपीत बसलेले त्याला पाहावे लागतात. कथेचा परिणाम शौर्यातून साधलेला नाही. असहायतेच्या आठवणीतून साधलेला आहे. ‘हे टाळता आले असते’ ही बोचणी त्या आठवणीत सतत जागी आहे. कथेचा बोलबाला इतका झाला की सप्टेंबर १८७१ मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टन यांना व्हिटबी येथील भाषणात अशा भयसूचक लेखनाविरुद्ध बोलावे लागले.

भारतीय वाचकास यात आणखी एक अर्थ जाणवल्यावाचून राहत नाही. दुसऱ्याच्या देशात जेत्यांच्या बाजूने लढलेला अधिकारी येथे जिंकल्या गेलेल्या देशाचा ‘मी’ कल्पितो. जितांचे दुःख त्याला पूर्णपणे समजते, परंतु ते जित इंग्रज असतात तेव्हाच.

३

‘अ‍ॅडव्हान्स्ड वॉरफेअर’ची निर्मिती स्लेजहॅमर गेम्स या संस्थेची, प्रकाशन अ‍ॅक्टिव्हिजनचे. कथेचा प्रारंभ २०५४ मध्ये सोल शहरात होतो. जॅक मिचेल या अमेरिकन सैनिकाचा मित्र विल आयर्न्स एका स्फोटात मरण पावतो आणि त्याच स्फोटात मिचेल आपला डावा हात गमावतो. विलचा पिता जोनाथन आयर्न्स हा ‘अ‍ॅटलस’ या खाजगी लष्करी कंपनीचा प्रमुख आहे. तो मिचेलला कृत्रिम हात देतो, नोकरी देतो, आणि पुढे तोच खरा प्रतिपक्षी ठरतो. राज्यसंस्थेहून बलाढ्य झालेली भाडोत्री सेना ही या कथेतील भविष्यकालीन भीती होय. चेस्नीच्या कथेतील भीती परचक्राची होती; येथील भीती आपणच पोसलेल्या शक्तीची आहे.

खेळातील सर्वांत चर्चिला गेलेला प्रसंग विलच्या अंत्यविधीचा आहे. मिचेल शवपेटीजवळ येतो आणि पडद्यावर सूचना उमटते : आदरांजली वाहण्यासाठी कळ दाबा. संगणकावर ती कळ ‘एफ’ ही होती. या प्रसंगाची इतकी टवाळी झाली की ‘एफ’ हे एकच अक्षर पुढे इंटरनेटवर अर्ध्या थट्टेने शोक व्यक्त करण्याचे चिन्ह बनले.

टवाळीचे कारण केवळ अभिरुचीचे नाही. चेस्नीच्या वृद्धाला ट्रॅव्हर्सचा मृत्यू सांगावा लागतो. सांगताना शब्द निवडावे लागतात, आणि त्या निवडीतच शोक असतो. मोहिमांच्या मधल्या भागांत मिचेल बोलतो, परंतु खेळणाऱ्याच्या हाती आल्यावर तो बहुतांशी मूक असतो. त्या मौनाची जागा कळीने घेतली आहे. ज्या कळींनी धावणे, उडी मारणे, गोळी झाडणे होते, त्यांच्याच पंक्तीत शोकही येऊन बसतो.

४

हा भेद मराठी व्याकरणाच्या आधारे नेमका मांडता येतो. ‘मी लढाई पाहतो’ या वाक्यात क्रियापद कर्त्यामागे जाते. हा कर्तरी प्रयोग. ‘मी लढाई पाहिली’ असे म्हणताच क्रियापद ‘लढाई’च्या लिंगवचनाप्रमाणे चालते, हा कर्मणी प्रयोग. भूतकाळात आल्यावर ‘मी’ वाक्यात राहतो, परंतु क्रियापदावरील त्याची सत्ता जाते. हा दाखला रूपकापुरताच घ्यावयाचा आहे; पण रूपक म्हणून तो उद्बोधक आहे. चेस्नी भविष्य भूतकाळात सांगतो, म्हणून त्याच्या ‘मी’वर घटनेची सत्ता चालते. खेळ भविष्य वर्तमानकाळात घडवितो, म्हणून तेथे ‘मी’ची सत्ता घटनेवर चालते; आणि तो मेलाच, तर थोडे मागे जाऊन पुन्हा उठतो. जेथे मृत्यूच पुसता येतो, तेथे पश्चात्तापाला आधार उरत नाही.

याचा अर्थ असा नव्हे की हे माध्यम स्मृतीला असमर्थच आहे. याच मालिकेतील २००७ च्या ‘मॉडर्न वॉरफेअर’मध्ये अणुस्फोटानंतर नायक काही पावले सरपटतो आणि मरतो, खेळणाऱ्याने काहीही केले तरी तो वाचत नाही. तेथे कर्तृत्व काढून घेतले जाते आणि नेमक्या त्याच क्षणी ‘मी’ साक्षीदार होतो. दोष माध्यमाचा नसून त्याच्या सवयीचा आहे, हे यावरून दिसते.

एक मर्यादा मात्र दोन्ही कृतींना समान आहे. ‘मी’ कोण हे ठरताच ‘ते’ कोण हेही ठरते. २०५४ चे सोल हे अमेरिकन सैनिकाच्या दुःखाचे रंगस्थळ आहे. ज्यांचे ते शहर, त्यांना त्यात प्रथमपुरुष मिळालेला नाही. चेस्नीने डॉर्किंगला जी सहानुभूती दिली, तीही दिल्लीपर्यंत पोचली नव्हती. आगामी युद्धाची कोणतीही कथा, मग ती छापील असो वा खेळावयाची, तपासताना शस्त्रे किती नवी आहेत हा प्रश्न गौण मानावा. त्या युद्धात ‘मी’ म्हणण्याचा अधिकार कोणाला दिला आहे, आणि घडले ते सांगण्याची पाळी त्याच्यावर येते की नाही, हा समीक्षेचा पहिला प्रश्न असावयास हवा.