ऋण आणि दोषदृष्टी

‘कर्माचे फळ’ हे शब्द दुसऱ्याच्या दारात उभे राहून उच्चारले की तो विचार राहत नाही, निंदा होते. भांडुपला मुख्य कचेरी असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर सप्टेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. प्रारंभी खात्यातून अवघे 1,000 रुपये काढता येत. जन्मभर काटकसर केलेल्या गृहस्थांवर औषधासाठी उसनवारीची पाळी आली. उधळ्याचे ऋण व यांचे ऋण सावकाराच्या वहीत एकाच अक्षराने लिहिले जाते. वही कारण नोंदवीत नाही. वासनिकाने तरी ते पाहावे, न कळल्यास मौन धरावे. जीवाच्या कर्माचा हिशेब परमेश्वर जाणे. 2022 च्या विलीनीकरणानंतरही मोठ्या ठेवींची पूर्ण परतफेड दहा वर्षांवर गेली; तोवर उसने फेडावे कशाने?