जावा प्रोजेक्टमध्ये सेटिंगची फाईल नेमकी कुठे ठेवायची?



आज अनेक तंत्रस्नेही शिक्षक निकालपत्रक, हजेरी, शालेय पोषण आहाराचा हिशोब अशा कामांसाठी छोटे प्रोग्रॅम स्वतः बनवू लागले आहेत. काही पालकांची मुलं नववी-दहावीला आयसीएसई बोर्डात, नाहीतर पुढे डिप्लोमा किंवा बीसीएला जावा शिकत आहेत. या सगळ्यांना एक वाक्य कधी ना कधी म्हणावं लागतं, "माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय, मग तिकडे का चालत नाही?" पुष्कळदा प्रोग्रॅम बरोबरच असतो, फक्त सेटिंगची फाईल चुकीच्या जागी ठेवलेली असते. म्हणून आजच्या लेखात आपण तेवढाच एक मुद्दा नीट समजून घेऊ.

एक सूचना आधीच देते. इथे फोल्डरची आणि फायलींची नावं वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांतच करायची आहेत.

१) कॉन्फिगरेशन फाईल म्हणजे काय?

प्रोग्रॅमला लागणारी, पण प्रोग्रॅमच्या कोडमध्ये लिहून टाकायची नाही अशी माहिती या फाईलमध्ये असते. शाळेचं नाव, ११ अंकी यूडायस क्रमांक, शैक्षणिक वर्ष, निकालाच्या फायली कुठे साठवायच्या तो पत्ता, डेटाबेसचा पासवर्ड वगैरे. जावामध्ये यासाठी बहुधा 'डॉट प्रॉपर्टीज' प्रकारची साधी फाईल वापरतात. प्रत्येक ओळीवर डावीकडे नाव, मध्ये बरोबरचं चिन्ह आणि उजवीकडे किंमत.

२) आधी तीन गठ्ठे करा

फाईल कुठे ठेवायची हे विचारण्याआधी दोन प्रश्न विचारा. ही माहिती कोण बदलणार? आणि ही माहिती कोणी पाहिलेली चालेल?

समजा, आपण केंद्रातल्या दहा शाळांसाठी निकालपत्रकाचा एक प्रोग्रॅम बनवला. त्यातली माहिती अशी वेगळी करता येते.

पहिला गठ्ठा पाठ्यपुस्तकासारखा. सगळ्यांना एकच, कोणी बदलायचा नाही. उदाहरणार्थ श्रेणींचा तक्ता : ९१ ते १०० गुणांना अ-१, ८१ ते ९० ला अ-२, याप्रमाणे. हा तक्ता एखाद्या शाळेत चुकून बदलला गेला, तर तिथल्या मुलांची श्रेणीच चुकेल.

दुसरा गठ्ठा हजेरीपत्रकासारखा. नमुना एकच, पण प्रत्येक शाळेत मजकूर वेगळा. शाळेचं नाव, यूडायस क्रमांक, शैक्षणिक वर्ष हे यात येतं.

तिसरा गठ्ठा कपाटाच्या किल्लीसारखा. डेटाबेसचा पासवर्ड हा त्यातलाच. ज्याच्या ताब्यात असायला हवा त्याच्याचकडे राहिला पाहिजे.

गठ्ठे झाले की जागा आपोआप ठरतात.

३) पहिला गठ्ठा : प्रोजेक्टच्या आत, रिसोर्सेस फोल्डरमध्ये

मावेन आणि ग्रेडल ही जावा प्रोजेक्ट बांधण्याची दोन प्रचलित साधनं आहेत. दोन्हींमध्ये ठरलेली रचना एकच आहे. जावाचा कोड 'एसआरसी / मेन / जावा' या फोल्डरात आणि बाकीच्या फायली 'एसआरसी / मेन / रिसोर्सेस' मध्ये. रिसोर्सेसमधलं सगळं प्रोग्रॅम बांधताना जार फाईलच्या आत जातं. श्रेणींचा तक्ता इथे ठेवायचा, म्हणजे जार जिथे जाईल तिथे तक्ताही जाईल.

इथे मुलं एक गोष्ट हमखास करतात. सेटिंगची फाईल कोडच्याच शेजारी, 'मेन / जावा' मध्ये ठेवतात. एक्लिप्सच्या साध्या प्रोजेक्टमध्ये ती चालून जाते, कारण एक्लिप्स ती फाईल तयार कोडच्या फोल्डरात स्वतःहून नेऊन ठेवतो. मावेन आणि ग्रेडल मात्र, वेगळं सांगितल्याशिवाय, त्या फोल्डरातला फक्त जावा कोड घेतात. फाईल मागेच राहते.

तपासणीसाठी वेगळा 'एसआरसी / टेस्ट / रिसोर्सेस' फोल्डर असतो. त्यात त्याच नावाची दुसरी फाईल ठेवली, तर चाचणीच्या वेळी आधी ती सापडते. म्हणजे प्रयोग करताना काल्पनिक नावांवर करायचे, खऱ्या मुलांच्या नोंदींना हात लागत नाही. ही सोय जरूर वापरा.

४) आतली फाईल वाचायची कशी?

जारच्या आत गेलेली फाईल ही संगणकावरची वेगळी फाईल राहत नाही. त्यामुळे 'न्यू फाईल' लिहून ती उघडत नाही. ती 'गेट रिसोर्स अ‍ॅज स्ट्रीम' या पद्धतीने मागावी लागते. इथे तीन गोष्टी लक्षात ठेवा.

• क्लासकडून मागताना नावाआधी तिरपी रेघ दिली तर शोध अगदी वरच्या पातळीपासून होतो. रेघ दिली नाही तर त्या क्लासच्या पॅकेजमध्ये होतो. क्लासलोडरकडून मागताना मात्र सुरुवातीची रेघ द्यायचीच नाही.

• फाईल सापडली नाही तर तिथल्या तिथे चूक दाखवली जात नाही, फक्त 'नल' परत येतं. प्रोग्रॅम पुढच्या ओळीवर अडतो आणि मूल चुकीच्या जागी चूक शोधत बसतं. म्हणून नल आलं का ते लगेच तपासून 'सेटिंगची फाईल सापडली नाही' असा स्पष्ट संदेश द्यायला शिकवा.

• विंडोजला एरवी लहान-मोठ्या लिपीचा फरक पडत नाही, पण जारच्या आत पडतो. 'कॉन्फिग' मधला सी कोडमध्ये मोठा आणि फाईलच्या नावात छोटा असेल, तर घरी चाललेला प्रोग्रॅम जार झाल्यावर बंद पडू शकतो.

५) दुसरा गठ्ठा : जारच्या बाहेर

शाळेचं नाव जारच्या आत ठेवलं, तर दहा शाळांसाठी दहा जार बनवाव्या लागतील, आणि दरवर्षी जूनमध्ये पुन्हा दहा! म्हणून ही फाईल जारच्या शेजारी 'कॉन्फिग' नावाच्या फोल्डरात ठेवा. मुख्याध्यापक किंवा वर्गशिक्षक ती नोटपॅडमध्ये उघडून स्वतः बदलू शकतील.

पण इथे एक मेख आहे. जावा अर्धवट पत्ता वाचताना जार कुठे आहे ते पाहत नाही, तर प्रोग्रॅम कोणत्या फोल्डरातून सुरू केला ते पाहतं. एक्लिप्समध्ये तो प्रोजेक्टचा मुख्य फोल्डर असतो, कमांड विंडोमध्ये आपण ज्या फोल्डरात उभे असू तो. "माझ्याकडे चालतंय" चं कारण पुष्कळदा हेच. यावर सोपा उपाय म्हणजे जारशेजारी एक छोटी बॅच फाईल ठेवणं. ती आधी स्वतःच्या फोल्डरात जाईल आणि मग जार सुरू करेल. किंवा प्रोग्रॅम सुरू करतानाच सेटिंगच्या फाईलचा पूर्ण पत्ता द्यावा.

स्प्रिंग बूट वापरणाऱ्या मोठ्या मुलांना हीच कल्पना तयार मिळते. जारच्या आतली अ‍ॅप्लिकेशन डॉट प्रॉपर्टीज आधी वाचली जाते. प्रोग्रॅम जिथून सुरू केला तिथे किंवा तिथल्या कॉन्फिग फोल्डरात तशीच फाईल असेल, तर तिच्यातल्या किमती वरचढ ठरतात.

६) तिसरा गठ्ठा : पासवर्ड

आता सगळ्यात महत्त्वाचं. जार ही प्रत्यक्षात झिप फाईलच असते. कोणीही ती उघडून आतली प्रॉपर्टीज फाईल वाचू शकतं. त्यामुळे पासवर्ड रिसोर्सेस फोल्डरात कधीही ठेवू नका. आपल्या डेटाबेसमध्ये मुलांची जन्मतारीख, जात, आधार क्रमांक, पालकांचे मोबाईल नंबर असू शकतात. पालकांनी विश्वासाने दिलेली ही माहिती आहे.

पासवर्ड त्या संगणकाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा, किंवा ठरावीक व्यक्तीलाच उघडता येईल अशा बाहेरच्या फाईलमध्ये. कोड गिटहबवर टाकत असाल तर त्या फाईलचं नाव 'गिटइग्नोर' मध्ये आधीच लिहा. सोबत पासवर्डच्या जागी रिकामी जागा सोडलेली नमुना फाईल द्या. पासवर्ड एकदा गिटमध्ये गेला, की नंतर फाईल पुसूनही तो जुन्या नोंदींत राहतो. अशा वेळी पासवर्ड ताबडतोब बदलणं हाच उपाय.

७) मराठी अक्षरं आणि उलटी रेघ

जागा बरोबर असूनही दोन ठिकाणी घोटाळा होतो.

शाळेचं नाव मराठीत लिहिलं आणि पडद्यावर भलतीच चिन्हं आली, तर फाँटला दोष देऊ नका. 'प्रॉपर्टीज' क्लासला इनपुट स्ट्रीम दिला तर तो फाईल लॅटिन-१ समजून वाचतो, आणि त्यात देवनागरी नाही. त्याऐवजी यूटीएफ-८ सांगून रीडर द्या आणि फाईलही यूटीएफ-८ मध्येच सेव्ह करा. २०१७ च्या जावा ९ पासून 'रिसोर्स बंडल' साठी यूटीएफ-८ गृहीत धरतात, पण 'प्रॉपर्टीज' चा इनपुट स्ट्रीम आजही जुन्याच नियमाने चालतो.

दुसरं म्हणजे विंडोजच्या पत्त्यातली उलटी तिरपी रेघ, म्हणजे बॅकस्लॅश. प्रॉपर्टीज फाईलमध्ये तिला खास अर्थ आहे. तिच्यापुढे एन आला तर ती नवी ओळ होते! त्यामुळे पत्त्यात सरळ तिरपी रेघ वापरा, जावाला ती विंडोजवरही चालते.

८) देण्यापूर्वी एवढं करून बघा

जार आणि कॉन्फिग फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. जावा असलेल्या, पण आपला प्रोजेक्ट नसलेल्या दुसऱ्या संगणकावर चालवा. मग शाळेचं नाव बदलून पुन्हा चालवा. शेवटी जार उघडून आत पासवर्ड राहिला नाही ना ते पाहा. प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेआधी पालकांनी मुलांकडून एवढं जरूर करून घ्यावं. त्यासाठी पालकांना स्वतःला जावा येण्याची गरज नाही.

थोडक्यात सांगायचं तर : सगळ्यांसाठी सारखं ते जारच्या आत, शाळेगणिक बदलणारं ते जारच्या बाहेर, आणि गुप्त ते कोडपासून पूर्ण वेगळं. मुलांना फोल्डरची नावं पाठ करायला लावण्यापेक्षा "हे कोण बदलणार आणि हे कोण पाहणार?" हे दोन प्रश्न विचारायची सवय लावा. फोल्डर मग ती स्वतःच बरोबर निवडतील.