गिऱ्हाईक विचारत नाही, निघून जातं

बाय, परवा रात्री फोनवर तुझा आवाज रडवेला झाला, तो मला झोपेपर्यंत टोचत राहिला. "ताई, महिन्यात चारशे जण येऊन गेले आणि ऑर्डरी सहा. माझ्या मिरचीत काय खोट आहे?" खोट मिरचीत नाही गं. आणि सहा ऑर्डरी म्हणजे डोकं धरून बसावं असंही नाही. ऑनलाइन दुकानात शंभरातले दोन-तीन घेऊन गेले की लोक खूश असतात. बाकीचे बघून जातात, म्हापशाच्या बाजारात जातात तसेच. तुझे दीड पडले. त्याचे तीन करता येतील, पण त्यासाठी जाहिरातीवर आणखी पैसे घालू नकोस. गळक्या घागरीत पाणी ओतून काय होणार?

आपली आई शुक्रवारी म्हापशाला मिरच्या घेऊन बसायची, आठवतं ना? गिऱ्हाईक खाली वाकायचं, एक मिरसांग उचलायचं, देठ मोडून वास घ्यायचं. "तिखट काय रंगाची?" "यंदाची ना?" "माशांच्या हुमणाला किती घालू?" आई एका हाताने तराजू सांभाळत उत्तरं द्यायची. पाच प्रश्न, दोन मिनिटं, आणि पाव किलो मागायला आलेली बाई किलो घेऊन जायची. आता तुझं पान उघड. "अस्सल गावठी मिरची, उत्तम दर्जा, 250 ग्रॅम." संपलं. पुण्यातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये बसलेल्या बाईने देठ कुठे मोडायचा? तिला तेच पाच प्रश्न पडतात, पण विचारायला समोर कोणी नाही, म्हणून ती गुपचूप पान बंद करते. माझं दुकान चालवून मला जर काही कळलं असेल तर ते एवढंच: बहुतेक गिऱ्हाईक किमतीमुळे जात नाही, मनातल्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही म्हणून जातं.

तेव्हा आईने दिली असती ती उत्तरं लिही, आईच्याच भाषेत. कोणत्या महिन्यात खुडली, किती दिवस उन्हात घातली, देठासकट आहे की देठ काढून, एका नारळाच्या हुमणाला किती पुरतात. आणि नावं दोन्ही घाल. सोलांचंच बघ: आपण सोलां म्हणतो, पुण्याची बाई आमसुलं शोधते. तिने शोधलेला शब्दच तुझ्या पानावर नसेल तर ती तुझ्यापर्यंत पोचणार कशी?

आपल्या हरमलच्या मिरचीला 2021 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. ते पानावर अभिमानाने सांग. पण पाकिटावर जीआयचं चिन्ह छापायचं असेल तर आधी अधिकृत वापरकर्ता म्हणून आपलं नाव नोंदवावं लागतं. 1999 च्या कायद्यात तसं आहे. शेजारच्या गावातली मिरची हरमलच्या नावाने विकायची तर गोष्टच काढू नकोस. आईने असल्या लबाडीला चुलीतलं लाकूड दाखवलं असतं.

आता माझी फजिती ऐक, म्हणजे तुझी चुकेल. लग्न होऊन डिचोलीला आले, तेव्हा इथल्या कुंभारांची मडकी बघून मी वेडीच झाले. बुडकुले, कुणली, झाकणीसकट भांडी. पहिलं ऑनलाइन दुकान काढलं ते त्यांचंच. बुडकुल्याची किंमत लावली 350 रुपये. फोटो सुंदर, लोक यायचे, बुडकुलो टोपलीत टाकायचे आणि शेवटच्या पायरीवर पळायचे. दोन महिने मला उमगेना. मग एका रात्री मी स्वतःच गिऱ्हाईक झाले. नवऱ्याचा फोन घेतला, मुंबईतल्या नणंदेचा पत्ता टाकला आणि शेवटच्या पानावर येऊन थबकले. पाठवणीचा खर्च मडक्याच्या किमतीहून जास्त!

झालं होतं असं, की मडकं दोन किलोचं, पण भाताचा पेंढा घालून सगळ्या बाजूंनी 30 सेंटिमीटरच्या खोक्यात बसवलेलं. कुरियरवाला नुसतं वजन बघत नाही, खोक्याने अडवलेली जागाही मोजतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 5000 ने भागायचं. 30 गुणिले 30 गुणिले 30 म्हणजे 27,000. भागिले 5000, म्हणजे 5.4 किलो. दोन किलोच्या मडक्याला साडेपाच किलोचं भाडं! मग मोठे बुडकुले फक्त डिचोली ते पणजी-म्हापशापर्यंत ठेवले. लांबच्या गिऱ्हाइकासाठी झाकणीचं छोटं कुणलं काढलं, 20 बाय 20 बाय 15 च्या खोक्यात बसणारं. त्याचा आकडा येतो 1.2 किलो. भाडं किमतीतच धरलं आणि पहिल्याच ओळीत लिहिलं, "पाठवणीसह." किंमत वाढली, तरी विक्री वाढली. टोपली भरून अर्ध्यावर सोडून जाणाऱ्यांचं जगभरचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे, आणि त्यांच्या तक्रारीत पहिला नंबर शेवटी उगवणाऱ्या या जादा खर्चाचाच. तुझी मिरची हलकी आहे, तुझं नशीब! पण तुझ्या दुकानातही भाडं शेवटच्या पानावरच दिसतं. मी काल बघितलं.

आणखी एक बघितलं. विकत घ्यायच्या आधी तू लोकांना खातं उघडायला लावतेस. नाव, ईमेल, पासवर्ड, जन्मतारीख. अगं, मिरची घ्यायला जन्मतारीख कशाला? जॅरेड स्पूल नावाच्या अमेरिकन तज्ज्ञाने 2009 साली एका मोठ्या ऑनलाइन दुकानाची हकिगत लिहिली होती. पैसे देण्याआधी तिथे "नोंदणी करा" असं बटण होतं. ते काढून "पुढे चला" असं केलं आणि खात्याची गरज नाही हे खाली एका ओळीत सांगितलं. वर्षभरात विक्री 30 कोटी डॉलरांनी वाढली. आपली कोटींची गोष्ट नाही, पण माणसाचा स्वभाव तिथेही तोच. नाव, पत्ता, फोन नंबर घे आणि पुढे सोड.

फोटोंबद्दल थोडंच सांगते. तुझे फोटो छान आहेत, जरा जास्तच छान. कुठल्यातरी स्टुडिओतली मिरची वाटते ती. सकाळी आठ-नऊच्या उन्हात अंगणातल्या सुपावर मिरच्या पसर आणि एक फोटो तुझ्या तळहातावर ठेवून काढ, म्हणजे आकार कळेल. आणि ते फोटो दुकानात चढवण्याआधी लहान कर. फोनचा फोटो चार-पाच एमबीचा असतो. आमच्या मयेच्या डोंगराआड, जिथे रेंज धड येत नाही, तिथे तुझं पान उघडेपर्यंत माझी शेवग्याची शेंग शिजली.

विश्वासाचं काय, तेही सांगते. अनोळखी बाई तुला आधी पैसे देणार, माल नंतर येणार. तिच्या जागी बसून बघ. पानाच्या तळाशी तुझं नाव, गाव, पिन कोड, चालू असलेला फोन नंबर हवा. खाण्याचा माल आहे, तेव्हा अन्न सुरक्षेचा 14 आकडी नंबर पाकिटावरही हवा आणि दुकानातही. वजन, किंमत, पॅक केल्याची तारीख लपवू नकोस. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव द्यावं लागतं आणि तक्रारीची पोच 48 तासांत. माझ्या दुकानात ती अधिकारी मीच. लोकांना वाचून हसू येत असेल, पण फोन मीच उचलते हे त्यांना कळतं. मडकं फुटून पोचलं तर काय, हेही मी सरळ लिहिलंय: दोन दिवसांत फोटो पाठवा, नवीन पाठवते, फुटकं परत नको. हे लिहिल्यापासून फुटण्याच्या भीतीने अडणारे कमी झाले.

जीएसटीचं मात्र माझ्यावर सोडू नकोस. गोव्यात विकायचं तर मालाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत मोकळीक आहे, पण राज्याबाहेर पाठवलं की ती मोकळीक धरून चालता येत नाही. माझी मडकी करमुक्त. तुझ्या वाळक्या मिरचीचं तसं नाही. म्हापशाच्या अकाउंटंटकडे एकदा जाऊन ये, फी वाचवू नकोस.

आणि तो लाल पट्टा काढ. "घाई करा! फक्त 3 पाकिटं शिल्लक!" तुझ्या माळ्यावर दोन पोती आहेत ती मी पाहिलीत, बाय. तुला कोणीतरी शिकवलं असणार. पण केंद्र सरकारने 30 नोव्हेंबर 2023 ला अशा फसव्या युक्त्यांची 13 प्रकारांची यादीच काढली, त्यात ही खोटी घाई पहिल्या नंबरावर आहे. आणि नियम नसता तरी काय? पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या दिवसांत, मे महिन्यात, लोकांना खरी घाई असते. तेव्हा खरी तारीख लिही: "पावसाआधीची शेवटची पाठवणी 31 मे." खऱ्या तारखेला लोक मान देतात.

मनीऑर्डरवाल्या पिढीतल्या बायका अजून माल हातात आल्यावर पैसे देतात. ती सोय बंद करू नकोस, पण पाकीट निघण्याआधी एक व्हॉट्सअॅप संदेश कर आणि "हो" आल्याशिवाय पाठवू नकोस. घेतलं नाही म्हणून परत आलेल्या पाकिटाचं जातानाचं आणि येतानाचं भाडं आपल्याच बोडक्यावर बसतं. माझ्यावर बसलंय. चार कुणली, चारही परत, त्यातली दोन फुटकी.

बुधवारी डिचोलीच्या बाजाराला ये. येताना वहिनीचा तो जुना, काच तडकलेला फोन आण, तुझा नवा नको. आपण दोघी मागच्या पायरीवर बसू आणि तू माझ्या देखत तुझ्याच दुकानातून पाव किलो मिरची विकत घे, पैसे देईपर्यंत. जिथे जिथे तुझं बोट थांबेल ते मी वहीत लिहून ठेवीन.