बोअरआधी जमिनीखालचं कसं पाहावं?

महाराष्ट्राच्या सुमारे ८० टक्के भूभागाखाली दख्खनचा बेसाल्ट आहे. कठीण काळा पाषाण, त्यावर सच्छिद्र मांजऱ्या, मध्येच लाल गेरूचा पट्टा आणि पुन्हा पाषाण, असे लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेले. पाणी मिळतं ते मुरमात, मांजऱ्यात आणि पाषाणाच्या भेगांत. तपासणीची पद्धत या रचनेकडे बघूनच निवडावी.

आधी शेजारच्या उघड्या विहिरीत डोकवा. मुरूम कुठे संपतो, झरा कोणत्या थरातून येतो, हे टेपने मोजून लिहून ठेवा. ही नोंद नसेल तर पुढचे आकडे वाचताच येत नाहीत.

डाइक, म्हणजे थरांत घुसून वर आलेली लाव्ह्याची उभी भिंत, शोधायची असेल तर मॅग्नेटोमीटर घेऊन तिला आडवं चालत जा आणि दर पाच मीटरला नोंद करा. मोटरसायकल, तारेचं कुंपण, विजेचे खांब लांब हवेत.

भूकंपीय पद्धतीत लोखंडी पाटावर घण मारतात आणि कंपनं जिओफोनवर टिपतात. सुट्या मातीत त्यांचा वेग सेकंदाला काहीशे मीटर, अखंड पाषाणात ५,००० मीटरच्या आसपास. मुरमाची जाडी यातून छान कळते, पायासाठी तर उत्तमच. पण नेहमीच्या अपवर्तन मोजणीत पाषाणाखालचा मऊ थर दिसत नाही, आणि आपल्याला हवं असलेलं पाणी बरेचदा तिथेच असतं. जमिनीत रेडिओ लहरी सोडणारं रडार इथे नको: ओल्या काळ्या मातीत लहरी एक-दोन मीटरवरच विरतात.

पाण्यासाठी मुख्य भिस्त विद्युत रोधकतेवर. एका रेषेत चार सळया ठोका. बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडा, आतल्या दोनमधला दाब मोजा. मध्यबिंदू तोच ठेवून बाहेरच्या सळया टप्प्याटप्प्याने लांब न्या. ६० मीटर खोलीचा अंदाज हवा असेल तर साधारण ३०० मीटर सरळ, मोकळी जागा लागते. रेषा उताराला आडवी धरा. सळयांभोवती मिठाचं पाणी ओता.

पहिली मोजणी त्या विहिरीजवळच करा. पाणी भरलेला मुरूम साधारण २० ते ६० ओहम-मीटर दाखवतो, कठीण पाषाण १०० च्या बराच वर. मात्र गेरू आणि चिकणमातीही कमी आकडा देतात, म्हणून कमी रोधकता म्हणजे पाणी असं कुणी ठामपणे सांगितलं तर विहिरीची नोंद समोर ठेवा.

ही मोजणी थर आडवे आहेत असं धरून चालते, त्यामुळे उभी भेग निसटू शकते. खर्च झेपत असेल तर सर्वांत आशादायक जागेवरून याच रोधकतेच्या टोमोग्राफीची रेषा घ्या. ४८ इलेक्ट्रोड पाच मीटर अंतराने लावले की २३५ मीटर लांबीचा, सुमारे ४० मीटर खोलीचा उभा छेद मिळतो.

बोअर सुरू झाली की दर दहा फुटांची चुरी वेगळ्या पिशवीत भरा, खोली लिहा आणि रोधकतेच्या आलेखाशेजारी ठेवून ताडून बघा.