इंजिन मोठं टाकताय? आधी गिअरबॉक्स, शाफ्ट आणि पंख्याचा हिशेब करा



१ जून ते ३१ जुलै हा बंदीचा काळ. ट्रॉलर जेटीला लागले की इंजिनाची कामं निघतात आणि ऑफिसात कोणी ना कोणी येऊन सांगतं, "यंदा १२० एचपीचं काढून १८० चं टाकतो." हातात इंजिनाचं कोटेशन असतं, कर्जाचा अर्ज भरायचा असतो. पण त्या कोटेशनात गिअरबॉक्स, शाफ्ट, पंखा, फाउंडेशन यांचा खर्च बहुतेक वेळा धरलेलाच नसतो. आजचा पाठ त्यावरच आहे.

मुद्दा साधा आहे. इंजिन ताकद तयार करतं. ती पाण्यापर्यंत नेतात गिअरबॉक्स, कपलिंग, शाफ्ट आणि पंखा. ही एक साखळी आहे. इंजिन दीडपट केलं आणि बाकीचं जुनंच ठेवलं, तर जी कडी सगळ्यात कमजोर, ती तुटणार. आणि ती जेटीवर तुटत नाही, जाळं पाण्यात असताना तुटते.

मोठं इंजिन हवं कशाला?

वेगासाठी हवं असेल तर जरा थांबा. ट्रॉलर पाणी कापत चालतो, स्पीड बोटीसारखा पाण्यावर उचलला जात नाही. अशा बोटीच्या वेगाला तिच्या लांबीची मर्यादा असते. पाण्यालगतची लांबी फुटात घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि १.३४ ने गुणा. ३६ फुटांचं वर्गमूळ ६, म्हणजे वेग आला साधारण ८ नॉट. त्यापुढे जास्तीची ताकद लाटा उठवण्यातच जाते. त्या मर्यादेच्या आतसुद्धा वेग १० टक्के वाढवायला ताकद सुमारे ३३ टक्के जास्त लागते.

डिझेलचं बघा. पूर्ण जोरात चालणारं डिझेल इंजिन एका एचपीमागे तासाला अंदाजे ०.१८ लिटर पितं. म्हणजे १२० एचपीला तासाला २२ लिटरच्या आसपास, १८० एचपीला ३२ च्या वर. दहा तास तसंच चालवलं तर शंभर लिटरहून जास्त फरक पडतो. तेवढी मासळी जास्त येणार का, हे घरात बसून आधी ठरवा. हिशेबाची वही बहुतेक घरात बायकांच्या हातात असते, त्यांना सोबत घेऊन ठरवा.

जाळं ओढायला जोर कमी पडतो म्हणून इंजिन हवं असेल, तर गोष्ट वेगळी. पण तिथेही आधी पंखा आणि गिअरचं प्रमाण बघा. मोठ्या व्यासाचा, हळू फिरणारा पंखा त्याच इंजिनात जास्त ओढतो. काही बोटींचं काम तेवढ्यावरच भागतं.

एवढं करूनही मोठं इंजिन घ्यायचं ठरलं, तर पुढचा हिशेब क्रमाने करा.

१. पीळ किती वाढतो?

शाफ्टला जो पीळ बसतो त्याला मेकॅनिक टॉर्क म्हणतात. एचपीला ७१६ ने गुणायचं आणि आरपीएमने भागायचं, की टॉर्क किलो-मीटरमध्ये मिळतो. १२० एचपी, २००० आरपीएम : उत्तर ४३. गिअर ३ ला १ असेल तर शाफ्टवर त्याच्या तिप्पट, म्हणजे १२९. त्याच आरपीएमचं आणि त्याच गिअरचं १८० एचपी इंजिन घेतलं तर शाफ्टवर १९३. आणि गिअर ४ ला १ केला तर २५८, म्हणजे आधीच्या दुप्पट. इंजिन दीडपट पण पीळ दुप्पट, हे लक्षात ठेवा.

२. शाफ्ट

शाफ्टची जाडी दुप्पट केली की पीळ सोसायची ताकद आठपट होते. म्हणून दीडपट पिळाला दीडपट जाड शाफ्ट लागत नाही, सुमारे १५ टक्के जाडी वाढवली की पुरते. ५० मिमीचा शाफ्ट असेल तर ५८ मिमीच्या आसपास. पीळ दुप्पट झाला तर ६३ मिमी. हा हिशेब त्याच धातूचा शाफ्ट असेल तरच लागू. शाफ्ट जाड झाला की कपलिंग, चावी, स्टर्न ट्यूब, बेअरिंग आणि पंख्याचं भोक सगळंच बदलतं. ते सगळं कोटेशनात आलं पाहिजे.

३. गिअरबॉक्स

गिअरबॉक्सची क्षमता आरपीएम आणि कामाच्या प्रकारावर ठरते. सहलीच्या बोटीला, जी कधीमधी पूर्ण जोरात जाते, चालणारा गिअरबॉक्स ट्रॉलरला चालत नाही. आपण तासन् तास भाराखाली ओढतो. म्हणून तक्त्यात सतत जड कामासाठी दिलेला आकडाच बघा. विकणारा नुसतं "होऊन जाईल" म्हणाला तर तक्ता मागा.

४. फाउंडेशन

पंखा पाणी मागे ढकलतो, म्हणजे तो शाफ्टला पुढे रेटतो. हा रेटा गिअरबॉक्स घेतो आणि फाउंडेशनला देतो, तिथून तो बोटीच्या अंगात जातो. फाउंडेशनचे लांब दांडे जितक्या जास्त फ्रेमवर टेकतील तितकं चांगलं. लाकडी बोटीत जुने दांडे हातोडीने ठोकून बघा. बोदा आवाज आला तर लाकूड आतून कुजलंय, त्यावर नवं इंजिन ठेवू नका. बोल्ट आरपार आणि मागे जाड प्लेट घालून लावा.

५. पंखा आणि त्याची जागा

पंख्याचं टोक आणि बोटीचा तळ यात पंख्याच्या व्यासाच्या निदान १५ टक्के अंतर ठेवा. १००० मिमीचा पंखा असेल तर १५० मिमी. जागा कमी पडली तर बोट थरथरते आणि सांधे सुटतात. व्यास वाढवायला जागाच नसेल, तर मोठ्या इंजिनाचा अर्धा फायदा तिथेच गेला.

६. लाईन

इंजिन आणि शाफ्टची शेवटची लाईन बोट पाण्यात गेल्यावरच तपासा. जमिनीवर असताना आणि तरंगताना बोटीचा आकार थोडा बदलतो. पाण्यात एक-दोन दिवस राहू द्या, मग कपलिंगच्या दोन तोंडांमधली फट चारही बाजूंनी फीलर गेजने मोजा. १५० मिमीच्या कपलिंगला चारही मापांत ०.१५ मिमीपेक्षा जास्त फरक नको. लाईन चुकली तर बेअरिंग आणि ग्लँडचं पॅकिंग एका मोसमात जातं.

७. पाणी, हवा, धूर

जास्त एचपी म्हणजे जास्त उष्णता. समुद्राचं पाणी घेणारा पाइप, धुराचा पाइप आणि इंजिन रूममध्ये हवा यायची वाट, तिन्ही नव्या इंजिनाच्या मापाचे हवेत.

टुरिस्ट बोटी चालवणाऱ्यांसाठी

आपल्यातली काही मुलं आता टुरिस्ट बोटीवर आहेत. त्यातल्या काही बोटींना स्टर्नड्राइव्ह असतो : इंजिन आत, आणि मागच्या भिंतीच्या बाहेर लटकणारा पाय. त्या पायात ताकद दोनदा काटकोनात वळते, एकदा वर आणि एकदा खाली. जास्तीचा टॉर्क आधी तिथले दात आणि सांधे खातो. प्रत्येक ड्राइव्हला कमाल क्षमता ठरलेली असते. इंजिन त्यापेक्षा मोठं असेल तर पूर्ण ड्राइव्हच मोठा घ्या. मागच्या भिंतीतलं प्लायवूड कुजलेलं नाही ना, ते बघा. रबरी भातेही याच वेळी बदला, कारण ते फाटले की पाणी आत येतं.

ट्रायल

पूर्ण भार घेऊन बाहेर जा आणि पूर्ण थ्रॉटल द्या. इंजिनाने त्याच्या पाटीवरचे आरपीएम गाठले पाहिजेत. जाळं ओढतानाही आरपीएम आणि धूर बघा. आरपीएम चढत नाहीत आणि धूर काळा येतोय, तर पंखा जड आहे. तसंच रेटलं तर नवं कोरं इंजिनही लवकर जातं. स्टर्न ट्यूबला हात लावून बघा. साध्या पॅकिंगच्या ग्लँडमधून चालताना थेंब थेंब पाणी आलंच पाहिजे. पूर्ण कोरडी म्हणजे ती तापणार.

आणि एक काम आजच करा. स्टर्न ट्यूबच्या मापाचा, टोकाला निमुळता लाकडी गुट्टा करून इंजिन रूममध्ये बांधून ठेवा. शाफ्ट तुटून मागे सरकला तर त्या भोकातून समुद्र आत येतो, आणि बोटीवर माणसं असतात.

कागद

इंजिन बदललं की इंजिन नंबर आणि एचपी नोंदणीच्या कागदावर आणि विम्यात बदलून घ्या. कागदावर जुनं इंजिन आणि बोटीत नवं असेल, तर नुकसान झाल्यावर क्लेम अडकतो.

कर्जाच्या अर्जाला फक्त इंजिनाचं कोटेशन जोडू नका. वरच्या सातही गोष्टींचा खर्च एका कागदावर लिहून आणा. पैसे सगळ्याला पुरत नसतील तर इंजिन एक पायरी लहान घ्या, पण साखळी पूर्ण करा. जुन्या शाफ्टचं आणि पंख्याचं माप घेऊन ऑफिसात या, हिशेब आपण बसून करू.

— सेक्रेटरी