बाळाचे वजन वाढत नसेल तर

मूल बारीक दिसू लागले की आपल्या घरांत तीन-चार उत्तरे तयारच असतात. ‘दृष्ट लागली’, ‘दात येत्यात’, ‘बाप तरी कुठं धडधाकट होता?’ आणि शेवटी ‘खाईल की मोठं झाल्यावर’. असे बोलणाऱ्या आजींच्या मायेविषयी शंका नाही. परंतु या उत्तरांत जे दोन-तीन महिने निघून जातात ते फार मोलाचे असतात. पहिल्या दोन वर्षांत वाढ खुंटली तर तिची पूर्ण भरपाई पुढे होणे कठीण असते. म्हणून मदत केव्हा व कोठे मागावी, एवढाच विषय आम्ही येथे घेतला आहे.

जन्मतः बाळ निदान अडीच किलोचे असावे. पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरते, ते दोन आठवड्यांत भरून यावे. पाचव्या महिन्याच्या सुमारास जन्माच्या दुप्पट आणि वर्षाला तिप्पट, असा सर्वसाधारण हिशेब आहे. पुढे हा वेग मंदावतो व वर्षाला दोन किलोच्या आसपास वाढ होते. हे ठाऊक नसल्यामुळे दोन वर्षांच्या चांगल्या खेळत्या मुलाची आई उगाच घाबरते, आणि सात महिन्यांच्या बाळाची आई मात्र निर्धास्त राहते.

आता विद्यार्थी मित्रांनी अंगणवाडीतील वाढीचा तक्ता डोळ्यांसमोर आणावा. मुलींचा तक्ता वेगळा, मुलांचा वेगळा. हिरवा पट्टा म्हणजे वजन ठीक, पिवळा म्हणजे कमी, त्याखालचा केशरी म्हणजे फारच कमी. समजा, एका मुलीचे वजन नवव्या महिन्यात ६.९ किलो, दहाव्यात ६.८ आणि अकराव्यात ६.७ भरले. पहिले दोन्ही ठिपके हिरव्या पट्ट्यातच पडतात. अकराव्या महिन्यात ती पिवळ्यात येते. दुसऱ्या एका मुलाची वजने सातव्या, आठव्या व नवव्या महिन्यात ६.३, ६.६ आणि ६.९ अशी आहेत. तो तिन्ही वेळा पिवळ्यातच आहे, पण त्याची रेषा वर चढते आहे. त्याच्याकडे लक्ष हवेच. पण त्या मुलीसाठी दहाव्या महिन्यातच, ती हिरव्यात असतानाच, धावपळ करायला हवी होती. तक्ता वाचायचा तो असा. एकटा ठिपका थोडेच सांगतो, रेषेची दिशा पुष्कळ सांगते.

तक्त्याची ही पद्धत डॉ. डेव्हिड मोर्ले यांनी नायजेरियातील खेड्यांत काम करताना रूढ केली. आपल्याकडे जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले, तेव्हा गावातल्याच स्त्रियांना आरोग्यसेविकेचे शिक्षण दिले. त्यांतील अनेक जणी दलित होत्या, कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. तरी मुलांची वजने घेणे आणि आयांना समजावणे त्यांनी उत्तम केले. तेव्हा आपल्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलींनी ‘आम्हाला काय कळतंय त्यातलं’ म्हणू नये.

वजन का वाढत नाही? पुष्कळदा कारण साधे असते. सहा महिने झाले तरी वरचे अन्न सुरू केलेले नसते, किंवा सुरू केले तर पाण्यासारखी पेज. लहानग्याचे पोट चिमुकले. त्याला घट्टसर अन्न दिवसातून चार-पाच वेळा लागते, आणि अंगावरचे दूधही चालू ठेवावे लागते. आपल्या जिल्ह्याचे एक दुखणे स्पष्टच लिहितो. घरची म्हैस दूध देते, सकाळी किटली डेअरीत जाते आणि पोराच्या वाटीत येतो चहा-बिस्कीट. निदान एक पेला दूध मुलासाठी मागे राहावे. गगनबावडा, राधानगरी, आजऱ्याकडची नाचणी, भाजलेल्या शेंगदाण्याचे कूट, डाळ, अंडे, वर चमचाभर तेल: एवढ्यात काम होते. महागडे डबे आणि भूक वाढवणारी टॉनिके यांवर मजुरीचे पैसे घालवू नयेत.

मात्र खाऊनही वजन वाढत नसेल तर ते आजाराचे लक्षण असू शकते. वारंवार जुलाब, हृदयाचा जन्मजात दोष, किंवा क्षयरोग. घरात कोणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगावे. दोन्ही पायांवर सूज आली की पुष्कळांना बाळ भरले असे वाटते. वास्तविक ते तीव्र कुपोषणाचे चिन्ह असू शकते. तसेच सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली असेल, मूल मलूल होऊन खाणेपिणे सोडत असेल, तर त्याच दिवशी निघावे.

उलट, उंचीच्या मानाने वजन फार वाढलेली मुलेही आता आपल्या वस्त्यांत दिसतात. त्यांना उपाशी ठेवू नये. वेफर्स व थंड पेये घरात आणणे थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

एरवी पहिली पायरी अंगणवाडी. एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. आपल्या राज्यात मेळघाटातील धारणीपासून. वजन करून घेणे हा तेथे आपला हक्क आहे. त्यापुढे प्राथमिक आरोग्य केंद्र आणि कोल्हापुरात सीपीआरचा बालरोग विभाग. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात उपचार मोफत मिळावेत, अशी तरतूद आहे.

तरीही आया जात नाहीत, याला अज्ञान हे एकच कारण नाही. एक दिवस दवाखाना म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली. मूल दाखल झाले तर दोन आठवडे, आणि घरी थोरल्याकडे पाहणार कोण? ज्या संस्था अशा वेळी फक्त उपदेश करतात त्यांचे आम्हाला नवल वाटते. एका सभासदाने सोबत जावे, दुसऱ्याने थोरल्याला जेवू घालावे. पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल केल्यास आईला बुडीत मजुरी देण्याची योजना आहे, ती तेथे आवर्जून विचारावी.

सर्वांत जास्त निसटतात ती ऊसतोड टोळ्यांतली मुले. कारखान्यांच्या हंगामात ती आपल्या शिवारात कोप्यांतून राहतात आणि त्यांची नावे असतात दूरच्या गावच्या अंगणवाडीत. जवळच्या सेविकेने त्यांचे वजन करून आहार द्यायचा असतो, पण कोणी सांगितल्याशिवाय तिला तरी कसे समजणार? ते आपल्या तरुणांनी कोप्यांवर जाऊन सांगावे. आणि हंगाम संपून टोळी परत निघेल तेव्हा मुलाची सगळी वजने तारखांसह एका कागदावर लिहून आईजवळ द्यावीत, म्हणजे गावाकडच्या सेविकेला रेषा पुढे ओढता येईल.